तीन नावं कमी

शुए ली-चुन एक्कावन्न वर्षांची होती आणि तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका रुग्णालयाच्या संगणक विभागात लागून तिला जेमतेम आठ महिने झाले होते. त्याआधीची तेवीस वर्षं ती शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला. विभागप्रमुख को साहेबांनी तिला घेतलं, कारण मुलाखतीत वाचायला दिलेल्या सूचनांमधल्या त्यांच्याच चार चुका तिने दाखवल्या होत्या. "संगणक शिकवता येतो. ही नजर कुठून शिकवू?" असं ते तेव्हा म्हणाले होते.

त्या शनिवारी रुग्णांच्या सगळ्या नोंदी जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवायच्या होत्या. हे काम तिचा सहकारी चुआंग याचं, आणि ते तपासून सही करायचं काम ली-चुनचं. दुपारी एकच्या सुमारास पडद्यावर 'काम पूर्ण' अशी ओळ उमटली आणि चुआंगने डबा उघडला.

ली-चुनने कागदावर दोन आकडे एकाखाली एक लिहिले. जुन्यात दोन लाख अठरा हजार चारशे सहा, नव्यात दोन लाख अठरा हजार चारशे तीन.

"तीन कमी आहेत."

"शुएताई, दोन लाखांत तीन! चाचणीच्या खोट्या नोंदी असतील."

"असतीलही. नावं दाखव."

"जेवू तरी द्याल की नाही?"

तेवढ्यात को साहेब आले. चार वाजता नवी यंत्रणा सुरू करतो, असा शब्द त्यांनी संचालकांना दिला होता. "शुएबाई, हा छापखाना नाही. तीन नोंदी सोमवारी शोधा."

पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची होती. तरी ती म्हणाली, "सुरू करायचं तर करा, साहेब. मी मात्र सही करणार नाही."

को साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि चुआंगला शोधायची खूण केली. चुआंगने डबा बंद केला आणि दोन्ही याद्या यंत्राकडून ताडून घेतल्या. तीन क्रमांक निघाले. तिघांच्याही नावात सहसा न दिसणारं एकेक चिनी अक्षर होतं. छोटी छोटी चिन्हं जोडून बनणारी ती अक्षरं कुणीतरी पूर्वी जुन्या यंत्रात हाताने रेखाटून ठेवली होती. नव्या यंत्राला ती ओळखता आली नाहीत, म्हणून त्याने अख्ख्या नोंदीच गाळल्या.

दोघे जण कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. तिसऱ्या लाय आजी. वय अठ्ठ्याहत्तर, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पुढची पाळी सोमवारी सकाळी सातला. नोंदीत लाल अक्षरांत एका औषधाची ॲलर्जी लिहिलेली.

चुआंगचा चेहरा उतरला. "मी तर म्हटलं होतं, खोट्या नोंदी..."

"म्हणूनच एकाचं काम दुसरा तपासतो," ली-चुन म्हणाली आणि तिने आजींना फोन लावला.

"माझ्या नावाचं अक्षर? बँकेतली पोरगी म्हणते, आजी, नाव बदला. वडिलांनी ठेवलेलं नाव का बदलू गं? घे लिहून. डावीकडे पाणी. उजवीकडे वर डोंगर, खाली घोडा. एकच घोडा हं! तुमच्याकडच्या कुणीतरी दोन काढलेत. बारा वर्षं सांगतेय!"

ली-चुनने पडद्यावर पाहिलं. खरंच दोन घोडे होते.

तिन्ही अक्षरं नव्याने बसवण्यात रविवारची दुपार झाली. दरम्यान, शनिवारी चारचा शब्द मोडला म्हणून को साहेब संचालकांशी फोनवर पंधरा मिनिटं बोलत होते. त्यातली बारा मिनिटं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

"आता तरी सही?" चुआंगने विचारलं.

"आकडा पुन्हा काढ."

दोन लाख अठरा हजार चारशे सहा भरले. तिने लाय आजींची नोंद उघडून ती लाल ओळ वाचली, घोडा एकच असल्याचं पाहिलं आणि सही केली. पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम झाली.