कोंबडीखताचा रिकामा रकाना

"जगात सर्वांत स्वच्छ खत कुठलं असेल, तर ते आपल्या देशाचं!" साहेबांनी हात उंचावून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या आडोशाने साहेबांनी उजवा बूट मेजाच्या पायाला घासायला घेतला, कारण सभागृहाकडे येताना नमुन्याच्या शेतात ते त्याच जगातल्या सर्वांत स्वच्छ खतात घोट्यापर्यंत रुतले होते.

मागच्या रांगेतल्या झाकणबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांच्या हातात फाईल होती आणि डोक्यात राग, आणि दोन्ही गच्च भरलेली होती.

झाकणबाई हे नाव त्यांना शेतावरच्या मजुरांनी दिलं होतं. शेतात खत पडलं की जमिनीतून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू निघतो. दवाखान्यात हाच हुंगायला दिला की माणसं हसतात म्हणे. शेतातून निघतो तेव्हा कुणी हसत नाही, कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या दोनशे सत्तरपट हवा तापवतो. डोळ्याला दिसत नाही, म्हणून जमिनीवर पेटी पालथी घालून झाकायची, दर पंधरा मिनिटांनी सुईने आतली हवा ओढायची आणि यंत्रात तपासायची. पाणी दिल्यावर वायू उसळतो, तेव्हा हे सगळं ऐन चिखलात बसून. बाईंनी ते दोन वर्षं केलं. घरी नवरा म्हणायचा, "जमिनीची जेवढी विचारपूस करतेस, त्याच्या निम्मी माझी केली असतीस तर मीही कुठला तरी वायू सोडला असता." बाईंनी त्यालाही झाकण घालायची धमकी दिली होती.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कुठल्या देशाच्या शेतातून कोंबडीखतामुळे हेक्टरी किती वायू निघतो, याची जागतिक तुलना होत असे. चार वर्षांपूर्वी यंत्र बिघडलं आणि कोंबडीखताचा रकाना रिकामा गेला. तुलना करणाऱ्या संगणकाने रिकाम्याला शून्य मानलं. देश बासष्टाव्या क्रमांकावरून थेट पहिला आला. साहेबांना बढती मिळाली. तेव्हापासून तो रकाना कार्यालयाने देव्हाऱ्यासारखा जपला होता.

आजचा तक्ता पाच वाजता जायचा होता. एकदा गेला की चार वर्षं बदल नाही. शिवाय सकाळी परिपत्रक निघालं होतं: वायू निघतच नसल्यामुळे तो मोजणारा विभाग महिनाअखेर बंद करण्यात येत आहे.

सभा आटोपताच बाई साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेब एका पायात मोजा घालून बसले होते.

"कोंबडीखताचा आकडा मी गेल्या आठवड्यात दिला होता. तक्त्यात तो नाही."

"असेल कसा? तो बघितला की माझ्या छातीत धडधडतं."

"दोन वर्षं मोजलंय मी!"

"छान केलंत. पण सांगितलं कुणी?"

"तुम्ही. परवानगीवर तुमची सही आहे."

"बाई, मी वाचून सही करतो असा आरोप आजवर माझ्यावर कुणी केलेला नाही." साहेबांनी आवाजात माया आणली. "हे बघा, शेजाऱ्यांनी नीट मोजलं, ते पन्नासावे आले. पलीकडच्यांनी आणखी बारकाईने मोजलं, ते नव्वदावे. आपण मोजलं नाही, आपण पहिले. आता यात चुकलं कुणाचं?"

"परीक्षेला न बसलेल्या पोराला पहिला नंबर देताय तुम्ही! आणि ते शून्य बघून लोक शेतात दुप्पट कोंबडीखत ओततायत. तुमच्याच सल्ल्याने!"

"आवाज खाली."

"नाही होणार. दोन वर्षं मी गुडघे टेकले ते जमिनीपुढे. तुमच्यापुढे नाही."

दार असं आपटलं की भिंतीवरचं पहिल्या क्रमांकाचं मानपत्र तिरकं झालं.

तक्ते भरणारे दादा संगणकापुढे बसले होते. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस बसतो तसे, म्हणजे कशालाही न टेकता.

"दादा, उठा. चहा पिऊन या."

"आत्ताच प्यालो, ताई."

"दादा."

दादांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा खिशात घातला. "दुसरा घेतो. संगणक बंद करायचं मी नेहमी विसरतो, तुम्हाला माहीतच आहे."

बाईंनी रिकाम्या रकान्यात आकडा भरला: ०.४३. पडद्यावर देश पहिल्या क्रमांकावरून घरंगळत एकाहत्तराव्यावर जाऊन थांबला. पाचला सात मिनिटं कमी असताना त्यांनी 'पाठवा'वर बोट दाबलं, गरजेपेक्षा बरंच जोरात.

साहेब एका बुटावर धावत आले. "काय केलंत हे?"

"माझं काम."

"देशाची अब्रू गेली! उद्या मंत्र्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. सवय नाही म्हणून पहिल्यांदा जड जाईल."

"निलंबित करीन!"

"विभागच बंद करताय, आता निलंबित कशातून करणार? बसा खाली. उत्तर येऊ दे. आता तरी कुणीतरी विचारेल, एवढा वायू निघतोय तर त्याचं करायचं काय!"

दोघं समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत धुमसत राहिली. तेवढ्यात जागतिक कार्यालयाचं उत्तर आलं. साहेबांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं:

"आपला तक्ता मिळाला. आपल्या देशाने दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल मनःपूर्वक आभार. मात्र छापील अहवालात कोंबडीखताचा रकाना अरुंद पडतो. तरी आपल्या आकड्यातलं दशांशचिन्ह आणि त्यापुढचे अंक तेवढे काढून तक्ता पुन्हा पाठवावा, ही विनंती."