औशाच्या स्टँडवरचे बिल्ले

भुजंग बैल घेऊन थेट दुकानाच्या फळीपर्यंत आला, तेव्हा रत्नम्मा बर्फाच्या लादीवरचा भुसा झटकत होती. बैल देवणी जातीचा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, एरवी बघणाऱ्याची नजर खिळावी असा. पण आज तो पुढचा एक पाय जमिनीला टेकवत नव्हता. तीन पायांवर कसाबसा तोल सावरत उभा होता आणि तोंडातून लाळ गळत होती. भुजंगनं मूठ फळीवर आपटली आणि उघडली. आत एक बिल्ला होता, बाटलीच्या तोंडावर बसवतात ते कातरलेल्या काठाचं पत्र्याचं झाकण. त्याच्या दातऱ्यांना रक्त लागलेलं होतं.

"हे तुमचंच हाय ना, अक्का?"

"माझंच कशावरून?" रत्नम्मा म्हणाली. "स्टँडवर काय मी एकलीच बाटल्या विकते का?"

"छावणीची वाट कुणाच्या दुकानामागून जाते?"

आतून तिचा नवरा शंकरप्पा बाहेर आला. माणूस स्वभावानं वाईट नव्हता, पण भांडण दिसलं की ते लवकर मिटवायची त्याला घाई असायची. तो म्हणाला, "भाऊ, कुणी मुद्दाम टाकलंय का? बसा, एक थंड बाटली घ्या. डोकं शांत होईल."

भुजंग बसला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून त्यानं त्याला वळवलं आणि एकेक पाऊल टाकू देत तो छावणीकडं निघून गेला.

पावसानं पाठ फिरवल्याचं ते सलग दुसरं वर्ष होतं. औशाच्या बाहेर माळावर जनावरांची छावणी पडली होती. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी गुरं घेऊन तिथंच राहायला आले होते. इकडं लातूर नवा जिल्हा होऊन तीनेक वर्षं झाली होती. त्यामुळं सोलापूर रस्त्यावर कधी नव्हे ती वर्दळ वाढली होती. बदलीवर आलेले कारकून, इंजिनियर, जीपगाड्या, जादा बस. चहाच्या हॉटेलांना पाणी मिळेना, म्हणून निम्मी हॉटेलं बंद पडली. थंड पेयाच्या बाटलीला मात्र गावचं पाणी लागत नव्हतं. ती भरूनच यायची. शंकरप्पाचं दुकान त्या दुष्काळातही चाललं ते याच्यावर. तो ओपनर लावून झाकण उडवायचा, ते कुठंतरी जाऊन पडायचं, आणि संध्याकाळी रत्नम्मा सगळे बिल्ले झाडून दुकानामागच्या उतारावर लोटून द्यायची. त्याच उतारावरून छावणीतली गुरं टँकरच्या हौदाकडं पाणी प्यायला जात.

दुपारभर तिचं कामात मन लागेना. शेवटी आपल्या वाटणीचं अंघोळीचं पाणी तिनं लिंबाचा पाला टाकून उकळलं, घागरीत भरलं आणि छावणीची वाट धरली.

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. बिल्ला खुरांच्या बेचक्यात रुतला होता, जखम खोल होती. पाय वाचेल, पण बरेच दिवस बैलाला जोखडाला लावायचं नाही, असं ते सांगून गेले होते. एक व्यापारी मात्र मघापासून घिरट्या घालत होता. लंगडं जनावर दिसलं की असली माणसं कुठून येतात कोण जाणे. भुजंग त्याच्याकडं बघतही नव्हता. रत्नम्मानं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि काही न बोलता बैलाचा पाय धुवायला बसली. बैलाचं अंग एकदा शहारलं, मग तो शांत उभा राहिला.

पाय धुऊन झाल्यावर मग भुजंग बोलला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माझ्या बैलाचं होईल नीट. पण अक्का, उद्या आणिक कुणाच्या जनावराच्या पायात जाईल. माणसंबी अनवाणीच हायेत हितं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच रत्नम्मा खराटा घेऊन उतारावर गेली. पण दोन वर्षांचे बिल्ले गुरांच्या खुरांखाली मातीत पार दडपले होते. खराट्यानं वरचे निघाले, खालचे हालेनात. स्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक फुटका भोंगा पडून होता. त्यातलं लोहचुंबक तिनं मागून आणलं, काठीच्या टोकाला बांधलं आणि काठी मातीवरून फिरवू लागली. टक्‌ टक्‌ आवाज करत बिल्ले चुंबकाला येऊन चिकटायचे. काठीतून हातापर्यंत येणारा तो टक्‌ आवाज तिला इतका बरा वाटला, की त्या दिवशी ती जेवायची विसरली. पोती भरायला लागली. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी लागली.

शंकरप्पाला ते आवडेना. "लोकं हसायलेत, रत्नम्मा. शंकरप्पाची बायको उकिरडा धुंडते म्हणत्यात. दुकानदाराच्या घरची बाई हायेस तू."

"हसू द्या. त्यांच्या पायात न्हाई रुतला बिल्ला."

भंगारवाल्यानं पोत्यात हात घालून बघितलं आणि नाक मुरडलं. सगळ्या बिल्ल्यांना आतून कॉर्कचा थर चिकटलेला, पत्रा पातळ, वर गंज. त्यानं पोती उचललीच नाहीत. मग शंकरप्पानं तोडगा काढला, "मळ्यातली विहीर कोरडीच पडलीय. दे त्यात टाकून."

रत्नम्मानं मान हलवली. "कवा ना कवा त्या विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरंल, अवो. त्यो पायात चपला घालून उतरनार हाय का?"

विहिरीचा विषय तिथंच मिटला. पण पोत्यांचं करायचं काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सुरुवात झाली ती अगदी साधी. उदगीरला माहेरी तिची आई गोधड्या शिवायची. शिंप्याकडची कापडाच्या चिंध्यांची गाठोडी आणून त्यातून रंग जुळवायची. रत्नम्मानं एका दुपारी एक बिल्ला चिंधीत गुंडाळला, मागून दोऱ्यानं आवळून बांधला. गोल, फुगीर, बटणासारखा दिसला. असे पुष्कळ करून तिनं एकमेकांना शिवले, तर गरम भांडं ठेवायला छान गोल आसन तयार झालं. मध्ये लाल, भोवती हिरवे, कडेनं पिवळे. ते तिनं फळीवर ठेवलं.

भुजंग आता रोज दुपारी तिच्या दुकानाच्या सावलीत येऊन बसायचा. बैल उभा, हाताला काम नाही आणि छावणीत दिवस संपता संपत नाही, अशी त्याची गत झाली होती. त्यानं ते आसन उलटंपालटं करून बघितलं.

"चांगलं हाय. पण एवढ्या पोत्यांना तुमचं सगळं आयुष्य जाईल."

"मग तुम्ही सांगा."

भुजंगचे हात बाज विणणारे होते, दोर वळणारे. त्यानं खिळ्यानं बिल्ल्याला दोन भोकं पाडली, बारीक तार ओवली, एकाखाली एक असे बिल्ले लोंबते केले. अशा लडी करून त्यांनी दुकानाच्या दाराला पडदा लावला. वाऱ्यानं तो किणकिणायचा, माशा आत यायच्या थांबल्या, आणि बसची वाट बघणारी माणसं उगाच त्यातून हात फिरवून बघायची. शंकरप्पानं पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. पण दोन-तीन दिवसांनी रत्नम्माला दिसलं, की ओपनरच्या खाली त्यानं रॉकेलचा रिकामा डबा ठेवलाय. उडवलेलं झाकण आता बरोबर डब्यात पडत होतं. संध्याकाळी तिनं तो डबा पोत्यात रिकामा केला.

मेज करायची कल्पना भुजंगची. तुटक्या लाकडी खोक्यांच्या फळ्या जोडून त्यानं चार पायांचं मेज बनवलं आणि वर बिल्ले खिळ्यांनी ठोकले, माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक लागून. दिसायला झकास. शंकरप्पानं त्याच्यावर बाटली ठेवली, ती कलंडली. पेला ठेवला, तोही लवंडला. बिल्ले फुगीर, मेजावर जागोजाग उंचवटे.

"शोभंचं झालं," शंकरप्पा म्हणाला.

भुजंग खजील झाला. त्यानं हातोडीनं एकेक बिल्ला ठोकून सपाट करून बघितला. कुठं चेपला, कुठं फाटला, आणि हाताला फोड आले ते वेगळेच.

दुष्काळी कामावर रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. दिवसभर रोलर घरघरत असायचा. त्याचा आवाज सगळ्यांच्या कानात इतका मुरला होता की तो कुणाला ऐकूच येत नव्हता. रत्नम्मा बिल्ले निवडता निवडता एकदम थांबली आणि रस्त्यावरच्या रोलरकडं बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं.

शंकरप्पाला कळलं. "न्हाई," तो म्हणाला. "त्यो सरकारी रोलर हाय."

"त्यो सरकारी असंल. चालवनारा रामकिशन तर रोज तुमच्या फळीवर बसतो."

शंकरप्पानं डोकं खाजवलं. थोड्या वेळानं दोन थंड बाटल्या हातात घेऊन तो स्वतःच रस्त्यापलीकडं गेला. काय बोलला देव जाणे, पण रामकिशन हसत हसत आला आणि म्हणाला, "जेवायच्या सुट्टीत आना. रोलर मागं न्यायचाच असतो, तेवढ्यात होऊन जाईल."

पुलाच्या कामावरची एक लोखंडी प्लेट त्यांनी रस्त्याच्या कडेला अंथरली. तिच्यावर बिल्ले पालथे पसरले. सगळं औसा जमलं असं वाटावं इतकी माणसं गोळा झाली. रोलर हळूहळू आला, प्लेटवर चढला, कडकड असा आवाज झाला, आणि उतरला. रत्नम्मा धावतच पुढं गेली. बिल्ल्यांची सपाट, गोल, चकचकीत फुलं झाली होती. दातऱ्या बाहेर पसरून त्यांच्या पाकळ्या झाल्या होत्या. लाल, हिरवी, नारिंगी. शंकरप्पानं एक उचलून उन्हात धरलं आणि पहिल्यांदा मनापासून म्हणाला, "ह्ये चांगलं दिसतंय की गं."

नव्या मेजावर ती फुलं ठोकली, वर वॉर्निशचे हात दिले, आणि काठाला बोट कापू नये म्हणून जुन्या सायकलच्या टायरची पट्टी फिरवली. या वेळी बाटली उभी राहिली.

त्याच आठवड्यात बैलानं पाय टेकवला. आधी नुसता टेकवला, मग त्याच्यावर भार दिला. ते सांगायला भुजंग छावणीतून धावतच दुकानात आला. व्यापारी त्या दिवसापासून छावणीत दिसला नाही.

केवळाबाई आली ती बाजाराच्या दिवशी. बाई मूळची नांदेडकडच्या उमरीची. नवा जिल्हा झाला, परगावचे नोकरदार आले, त्यांना जेवण कोण घालणार, असा हिशेब करून तिनं लातुरात कचेऱ्यांजवळ खानावळ काढली होती. औशाला डाळी घ्यायला आली होती आणि बस चुकली होती. पडद्यातून आत आली, बसली, आणि बाटली ठेवलेल्या मेजावरून तिनं तळहात फिरवला.

"हे कुठून आणलं?"

"हितंच केलं," रत्नम्मा म्हणाली. मागच्या बाजूला भुजंग खिळा ठोकत होता, त्याच्याकडं तिनं बोट दाखवलं. "ह्यांनी अन्‌ मी."

"आन्‌ मी," शंकरप्पा आतून ओरडला.

केवळाबाई हसली. मग मेज खाली वाकून बघितलं, हलवून बघितलं, त्याच्यावर दोन्ही हात टेकवून आपला सगळा भार दिला. "माझ्याकडं नोकरीवरची पोरं बाकड्यावर दाटीवाटीनं, ताट मांडीवर घेऊन बसतात. सुतार म्हणतो लाकूड मिळंना. मला अशी मेजं पाहिजेत. नुसत्या ओल्या फडक्यानं पुसली की झालं, धुवायला पाणी नको. आन्‌ दाराला हा पडदा. माशांनी जीव नको केलाय."

"जमंल का आपल्याला?" रत्नम्मानं भुजंगला विचारलं.

"बैल बरा झालाय, पन पेरायला पाऊस कुठं हाय? हात तर रिकामेच हायेत," भुजंग म्हणाला.

मेजं तयार व्हायला बरेच दिवस लागले. छावणीतल्या दोन बाया पडद्याच्या लडी ओवायला आल्या. स्टँडवरचे बाकीचे दुकानदार, जे आधी हसले होते, ते आता आपापले बिल्ले डब्यात साठवून आणून द्यायला लागले. उतारावरून चुंबक फिरवलं तरी आता क्वचितच काही चिकटायचं.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. भुजंग बैल घेऊन गावी गेला, पण पेरणी आटोपल्यावर तो परत येऊन कामाला बसला. शेवटची मेजं ट्रकवर चढवून शंकरप्पा आणि रत्नम्मा त्यांच्यासोबत लातूरला गेले.

खानावळीत दुपारची गर्दी होती. मेजं मांडल्याबरोबर पोरांनी ताटं पुढं ओढली. एकजण भात कालवता कालवता बोटानं फुलांवरची पेयांची नावं वाचत होता आणि शेजाऱ्याला दाखवत होता. केवळाबाईनं नवराबायकोला एका मेजाशी बसवलं. रत्नम्मा कधी खानावळीत जेवली नव्हती. तिनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं. पण ताटात गरम भाकरी आली, वरण आलं, आणि तिला भूक लागल्याचं जाणवलं. शंकरप्पा ताट सरकवून मेजाचा पृष्ठभाग चाचपत होता, जणू आत्ताच पहिल्यांदा बघतोय.

"डगमगत न्हाई," तो पुटपुटला.

"जेवा आता," रत्नम्मा म्हणाली.

केवळाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "मेजं झाली. आता बाकडी मोडायला आलीत माझी. खुर्च्या कराल का? पाठीला टेकू असलेल्या? नांदेडला माझी बहीण हाय, तिलाबी पाहिजेत."

रत्नम्मानं घास गिळला. "खुर्ची मला जमंल का न्हाई, ठावं न्हाई, बाई. पाठीला बिल्ले टोचतील. कापडाचे करावे लागतील, गादीवानी."

"मग?"

रत्नम्मा उठली. हात धुऊन ती कोपऱ्यात गेली, केवळाबाईची गल्ल्यावर बसायची जुनी खुर्ची तिनं उचलली, उलटी करून जमिनीवर ठेवली आणि शंकरप्पाला हाक मारली, "अवो, इकडं या. ह्यो सांधा कसा बसवलाय बघा बरं."