चौदा आणि पंधरा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी लाकडी चौकट, तिच्यात एक ते पंधरा आकड्यांचे ठोकळे आणि एका ठोकळ्यापुरती रिकामी जागा, असा माझा थाट. विस्कटलेले आकडे सरकवत सरकवत पुन्हा ओळीत आणायचे, एवढंच माझं कोडं. सुताराने मला इतक्या मायेने घासलं होतं की आजही कोणाच्या बोटात कुसळ शिरत नाही.

गणिताच्या बाईंनी मला वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला बक्षीस दिलं. घरी तिला ताई म्हणत. ती मला दोन मिनिटांत सोडवायची. "शनिवारी सगळ्या शाळेपुढे करून दाखव," असं बाईंनी तिला सांगितलं, तेव्हा माझीही छाती फुगली.

शुक्रवारी तिच्या धाकट्या बहिणीच्या हातून मी पडलो. ठोकळे निखळून खोलीभर पांगले. धाकटी घाबरली. तिने ते हाताला येतील तसे चौकटीत दाबून बसवले आणि मला गुपचूप ताईच्या दप्तरात ठेवलं. आता असे कसेही बसवलेले ठोकळे पुष्कळदा कितीही सरकवले तरी ओळीत येतच नाहीत. माझं नेमकं तसंच झालं. शनिवारी ताई तेरापर्यंत झरझर आली, आणि पुढे पंधरा आधी, चौदा नंतर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलं हसली. मला सगळं ठाऊक होतं, पण लाकडाला कुठली वाचा? त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर ताईने वर्गात कधी हात वर केला नाही. मोठेपणी ती कपडे शिवू लागली. सगळी मापं तिच्या डोक्यात असायची, बोटभर कापड वाया जायचं नाही. तरी कोणी कौतुक केलं की म्हणायची, "छे, माझं गणित कच्चं." बटणांच्या खणात पडून मी हे ऐकत राहिलो.

परवा दुपारी मशीन थांबवून ती पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत बसली होती. धाकटी शर्ट आखूड करून घ्यायला आली होती.

"कोडं घेतलं की शाळा आठवते बघ," ताई म्हणाली. "त्या शनिवारी कळलं, आपली धाव एवढीच."

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, ते ठोकळे आदल्या दिवशी माझ्या हातून पडले होते. मी कसेही बसवले. तू रागावशील म्हणून बोलले नाही. वाटलं, तुला काय, तू सोडवशीलच."

ताईने बटणांचा खण उघडला. तिने मला बाहेर काढलं, कात्रीच्या टोकाने चौदा आणि पंधरा उचकटून त्यांची अदलाबदल केली, मग सगळे ठोकळे इकडेतिकडे सरकवून विस्कटले आणि मान खाली घालून ती ते ओळीत आणू लागली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"म्हणजे मी चुकत नव्हते," ती म्हणाली. मग ती हसली, थोडी रडली आणि धाकटीच्या पाठीत एक धपाटा घालून चहा टाकायला उठली. मला जीव नाही म्हणतात, पण तो तेव्हा भांड्यात पडला.

मित्रांनो, वस्तू हातातून पडायच्याच. आम्हाला जपा, पण पडलो तर लपवू नका, लगेच सांगा. चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, तेवढे ऐका. तुम्ही गप्प राहिलात की दुसरंच कोणीतरी स्वतःला दोष देत बसतं. आणि चाळीस वर्षं उशीर झाला असेल, तरीही सांगा.