नाकातलं वजन

पाण्यासारखा पातळ गम ब्रशच्या टोकावर घ्यायचा आणि प्लास्टिकच्या छोट्या विमानाच्या दोन अर्ध्यांमधल्या रेघेला नुसता टेकवायचा. पुढचं गम बघून घेतो. रेघेतून तो आपणहून सरपटत जातो, दोन्ही काठ मऊ करतो, आणि जरा दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी वर येते. मग दोन दिवस हात लावायचा नाही.

हात न लावण्यासारखं अवघड काम नाही, असं लिफ्टवाले म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणे. निवृत्त झाल्यावर प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद लागला. अकरा वर्षांत चौदा झाली. हे पंधरावं, आणि एकट्या घरात जोडलेलं पहिलं. बायको लेकीकडे गेली होती, नात झाली म्हणून. दोन महिन्यांसाठी गेली, त्याला आता सात झाले.

रोज चारला, नात झोपली की, तिचा फोन येई. गुरुवारी ती म्हणाली, "लेक विचारतेय, अजून वर्षभर राहशील का. नाहीतर पाळणाघरात रविवारपर्यंत नाव द्यावं लागेल. तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? माझं काही अडत नाही."

"जेवता ना नीट?"

"जेवतो की. ताट कुणी घासायचं म्हणून पातेल्यातच जेवतो."

ती हसली. "रविवारी नक्की काय ते सांगा. नुसतं हूं हूं करू नका."

त्यांनी हूं केलं.

मग लिफ्टवाल्यांनी स्वतःला त्या सांध्यात बुडवून घेतलं. वळी पात्यानं खरवडली. जिथे खळगा राहिला तिथे पुट्टी भरली, ती सुकू दिली, ओल्या पॉलिश पेपरनं घासली. आधी जाडा कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. घासताना पाणी दुधासारखं पांढरं होई. सांधा गेला म्हणावं आणि वरून करड्या प्रायमरचा हात मारावा, की मिटलेली फट पुन्हा डोळा उघडे. परत पुट्टी, परत पाणी, परत कागद. घरात दुसरा आवाज नव्हता. पाव आणावा तर अर्ध्याला बुरशी येई, वर्तमानपत्र उघडावं तर त्यातलं कुणाला वाचून दाखवायचं. त्यापेक्षा फट बरी. ती निदान काहीतरी मागत होती.

शनिवारी दुपारी त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख नाकापासून शेपटीपर्यंत ओढलं. नख कुठेही अडलं नाही. असा सांधा त्यांच्या हातून आजवर झाला नव्हता. विमान दोन्ही हातांत धरून "हे बघ," म्हणत ते स्वयंपाकघरापर्यंत गेलेही. तिथे ओट्यावर नुसतं ओलं फडकं होतं. ते परत आले.

रविवारी सकाळी चाकं बसवली. दोन पंखांखाली, एक नाकाखाली. विमान टेबलावर ठेवलं. नाक सावकाश वर गेलं आणि शेपूट टेबलाला टेकली. टक्.

त्यांनी बोटानं नाक खाली दाबलं. बोट काढलं. टक्.

नाकात वजन घालायचं राहून गेलं होतं. पुढे चाक असलेल्या विमानाच्या नाकात, दोन अर्धे मिटण्याआधी, शिशाच्या गोळ्या चिकटवाव्या लागतात. पहिलं विमान असंच शेपटीवर बसलं तेव्हा बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. तेव्हापासून दर वेळी, ते गमाची बाटली उघडत तेव्हा, ती हात पुसत दारात येई. "अहो, नाकात वजन घातलं का?"

"छत्तीस वर्षं लिफ्टची वजनं तोलली मी. मला शिकवतेस?"

ती पाठमोरी झाली की ते गुपचूप गोळ्यांची डबी काढत. तेरा वेळा वैतागले आणि तेराही वेळा तिनं विचारल्यावरच घातल्या.

आता गोळ्या घालायच्या तर सांधा फोडायला हवा. पातं रेघेवर ठेवायला गेले, पण रेघ होतीच कुठे? पातं हातातच राहिलं. आणि मग, त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण आतून बरंही वाटलं. अडलं की. हे सांगता येईल. माणसानं सांगावं असं काहीतरी झालं होतं.

चार वाजता फोन आला. नात अजून झोपली नव्हती. बायको तिला थोपटत हळू आवाजात गात होती:

"नीज नीज चिमणे, मीट डोळ्यांचं गं दार,
बाहेर फिरं वारं, त्याला नाही घरदार."

मग तोच आवाज त्यांच्याशी बोलला. "हं. बोला."

"विमान शेपटीवर बसलंय."

"म्हणजे वजन नाही घातलंत?"

"तू नव्हतीस."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती विचार करत होती. "पुढच्या चाकाची खोबण आहे ना, तिच्यात बारीक छिद्र पाडा. तिथून एकेक गोळी आत सोडा, वरून घट्टवाला गम ओता, नाकावर उभं करून वाळवा. चाक परत बसलं की छिद्र दिसतंय कुणाला?"

खरंच, एवढं सोपं होतं. इतक्या लांबून, पोर थोपटता थोपटता, तिनं सोडवून टाकलं. त्यांच्या हातात आता काही उरलं नाही.

"अहो, आहात ना? काय सांगू लेकीला? राहते म्हणून?"

"विमानाचं जाऊ दे," ते म्हणाले. "तू ये."

पलीकडे थोपटणं थांबलं.

"काल दिवसभर कुणाशी बोललो नाही. आज सकाळी दूधवाल्याला हाक मारली तर घशातून आवाजच निघेना. तो म्हणाला, काका, सर्दी झाली का. मी हो म्हटलं."

"मग सात महिन्यांत सांगितलं नाहीत ते?"

"तू कुठे विचारलंस?"

"रोज विचारत होते. जेवलात का म्हणून."

"त्याचं उत्तर देत होतो की."

मग ती अगदी हळू म्हणाली, "पाळणाघरात नाव आजच देऊ. पण पोरगी तिथे रुळेपर्यंत मला हलता यायचं नाही. महिना तरी. दीडही लागेल."

"दीड तर दीड."

"आणि रोज एकदा खाली जाऊन बसा. वॉचमनशी बोला, कुणाशीही बोला."

"काय बोलू?"

"हेच. विमान शेपटीवर बसलंय म्हणून सांगा."

नात रडायला लागली आणि फोन बंद झाला. लिफ्टवाल्यांनी घड्याळात पाहिलं. सव्वाचार. त्यांनी शर्ट बदलला, चपला पायात सरकवल्या, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून काही वेळ तसेच उभे राहिले, पहिलं वाक्य जुळवत.