प्रथमोपचार कक्ष

मामांनी दाराच्या चौकटीवर पाटी टेकवली आणि खिळ्यावर हातोडी घातली. भिंतीचा रंग भुरभुरत खाली आला. पाटीवर लिहिलं होतं : प्रथमोपचार कक्ष.

"डावीकडे कलतेय, मामा," कारकून खालून म्हणाला. "समितीतल्या बाई फार बारकाईनं बघतात म्हणे."

"कलू दे. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

परवापर्यंत ही मोडक्या बाकांची खोली होती. मामांनीच खपून ती बाकं गच्चीवर नेऊन टाकली, फरशी घासली, वसतिगृहातली लोखंडी खाट आणून तिच्यावर पांढरी चादर ओढली. दर पाच वर्षांनी तपासणी समिती येते आणि कॉलेजला नवे अवयव फुटतात. मुलींसाठी विश्रांतीची खोली फुटते, थंड पाण्याचं यंत्र फुटतं, जिमखान्याला जाळी फुटते. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की सगळं गळून पडतं. याची लाज कोणालाच वाटत नाही. पगार सगळ्यांना हवा असतो.

मामांची बायको याच इमारतीत झाडलोट करायची. अठरा वर्षं. पोरं तिला मावशी म्हणायची. चार महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात घेरी आली. तिला टेकवायला अख्ख्या कॉलेजात एक खाट मिळाली नाही. या खोलीला कुलूप होतं, किल्ली प्राचार्यांच्या खणात होती आणि प्राचार्य बैठकीत होते. पाऊण तास ती जिन्यातच पडून राहिली, मामांच्या मांडीवर डोकं ठेवून. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मामा तेव्हा रडले नाहीत, नंतरही नाहीत. जेवायच्या वेळी अजून तीन ताटं काढतात आणि एक परत ठेवतात, एवढंच.

मुलीला आईच्या जागेवर घ्यायचं प्राचार्यांनी कबूल केलं होतं. कागद तयार होता, सही राहिली होती.

"आजची तपासणी सुरळीत जाऊ द्या, मामा," ते सकाळीच म्हणाले होते. "संध्याकाळी सही करतो. तुम्ही फक्त जास्त बोलू नका."

"बरं," मामा म्हणाले होते.

समिती अकराला आली. दोघे साहेब दारातूनच मान हलवून मोबाइलकडे वळले. बाई मात्र आत आल्या. त्यांनी खाट दाबून पाहिली, औषधांची पेटी उघडून पाहिली आणि टेबलावरची नोंदवही उचलली. ती वही कारकुनानं आदल्या दिवशी एका बैठकीत भरली होती. शाई जुनी-नवी दिसावी म्हणून तीन पेनं वापरली होती.

"सफाई कर्मचारी. चक्कर आली. अर्धा तास विश्रांती. बरं वाटल्यावर घरी सोडलं," बाईंनी वाचलं, आणि पुढचं नावही वाचलं. "या आज आल्यात का? बोलवा ना. सुविधा वापरलेल्या माणसाशी बोललं की बरं असतं."

कारकुनाचा चेहरा पडला. नावं त्यानं गेल्या वर्षीच्या हजेरीपटावरून ओळीनं उतरवली होती. उतरवताना वाचली नव्हती.

प्राचार्य हसले. तसं हसायला फार सराव लागतो. "आज रजेवर आहेत त्या. हे त्यांचे यजमान, आमचे शिपाई."

"हो का?" बाई वळल्या. "कशा आहेत आता?"

प्राचार्य मामांकडे बघत राहिले. मामांनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली.

"बरी आहे."

प्राचार्यांनी श्वास सोडला. बाईंनी कागदावर खूण केली. काम झालं होतं. पण मामा थांबले नाहीत.

"अर्धा तास इथं पडून होती. मग म्हणाली, चला. मी म्हटलं, गाडी करू. तर म्हणे, कशाला उगाच, मला काय पाय नाहीत? चालतच गेलो. वाटेत दोनदा टेकली. घरी गेल्या गेल्या पोरीवर ओरडली, कपडे वाळत घातले नाहीत म्हणून."

"म्हणजे ठणठणीत आहेत!" बाई हसल्या.

"हो. ओरडते अजून."

"मामा, पुरे," प्राचार्य हळूच म्हणाले. त्यांना मामांकडे बघवेना. त्यांनी समितीला जिमखान्याकडे वळवलं.

कारकून मागे राहिला. "मामा, आईशपथ, चुकून झालं हो. हे पान आत्ता फाडतो."

मामांनी वही त्याच्या हातातून काढून घेतली. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"राहू दे. घरी किती वाजता सोडलं ते लिहिलं नाहीस."

कारकुनानं पेनाचं टोपण काढलं. "किती लिहू?"

मामांनी विचार केला.

"साडेपाच लिही," ते म्हणाले. "माझी ड्यूटी संपेपर्यंत थांबली होती."