कोटाखालची पाठ

कचेरीत त्यांना सगळे कडकसाहेब म्हणत. साहेबांना वाटे, आपल्या शिस्तीमुळे. खरं तर ते नाव त्यांच्या कॉलरनं मिळवलं होतं. ती इतकी ताठ असे की मान वळवायची तर साहेबांना अख्खं अंग वळवावं लागे, आणि नव्या माणसाला वाटे, काय रुबाब आहे!

"शर्ट बघा, माणूस कळतो," असं ते येता-जाता ऐकवत. ऐकवताना नजर हिशेबखात्यातल्या चुरगळ्यावर. हा चुरगळ्या म्हणजे घरी तान्हं बाळ असलेला एक कारकून. कामाला वाघ, पण शर्ट असा की बोळा उलगडला आणि अंगात घातला. याला नोकरीत कायम करू नका, माणूस गबाळा आहे, असं साहेबांनी कंपनीच्या मालकीणबाईंच्या कानावर घालून ठेवलं होतं. बिचाऱ्याच्या पोटावर पाय येईल, हे काही साहेबांच्या डोक्यात आलं नाही. डोकं कॉलरच्या वर होतं ना.

घरी सकाळचा थाट ठरलेला. साहेब आरशासमोर हात मागे करून उभे राहत, बायको मागून शर्ट चढवी, त्यावर कोट. बटणं मात्र साहेब स्वतः लावत. एवढी मेहनत करून ते बाहेर पडत, आणि मग रात्री घरी येईपर्यंत तो कोट उतरत नसे, भर उन्हाळ्यातसुद्धा.

त्या दिवशी मालकीणबाई यायच्या होत्या. सगळ्या शाखांवर एक मोठा अधिकारी नेमायचा होता. ती खुर्ची आपल्याच बापाची, अशा थाटात साहेब बैठकीला जाऊन बसले. शिस्तीवर बोलायला सुरुवातही केली. तेवढ्यात चहा देताना कुणाचा तरी धक्का लागला आणि अख्खा कप साहेबांच्या खांद्यावर. हिशेबाचे कागद घेऊन मागे उभा असलेला चुरगळ्या धावला. साहेबांना पोळू नये म्हणून त्यानं कोट झटकन ओढून काढला.

साहेब बिलकूल डगमगले नाहीत. उलट उठून खिडकीशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून, छाती काढून पुढे बोलू लागले, "तर माणसाची खरी ओळख म्हणजे..."

मागून खुसखुस ऐकू आली. पुढून शर्ट करकरीत, आणि मागून? मागून जणू कुणी तो रात्रभर उशीखाली घेऊन झोपलं होतं. साहेबांनी हात मागे नेऊन चाचपलं, आणि चटकन वळून पाठ खिडकीला टेकवली.

"साहेब, शर्ट बघून माणूस कळतो म्हणता," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तो पुढून बघायचा की मागून?"

"हा आमच्या बायकोचा गलथानपणा," साहेब घाईनं म्हणाले.

"म्हणजे इस्त्री तुम्ही करत नाही?"

"मी? छे हो."

बाईंनी चुरगळ्याकडे बघितलं. तो ओशाळून म्हणाला, "मीच करतो. बाळ झोपलं तर."

खुर्ची दुसऱ्याला गेली. चुरगळ्या कायम झाला. आणि साहेब तणतणत घरी आले.

"लोकांनी माझी पाठ बघितली," ते बायकोवर ओरडले. "नाक कापलंस माझं. मागच्या बाजूला कधी इस्त्री फिरवतेस की नाही?"

"नाही," बायको म्हणाली. तिनं हातातलं काम ठेवलं नाही की आवाज चढवला नाही. "पुढची बाजू लोकांसाठी असते, ती करते. मागची फक्त मलाच दिसते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी तुम्ही माझ्याकडे पाठ करूनच तर उभे असता. माझ्या वाट्याला जे आलं, ते मी आहे तसंच ठेवलं."

साहेबांनी कॉलर सैल करून बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीप्रमाणे ते आरशासमोर हात मागे करून उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे होते. शर्ट खुंटीवर होता, आणि बायको बाहेरच्या खोलीत बसून निवांत चहा पीत होती.