जांभईचा पुरावा

ताण आला की मला उचकी लागते आणि माझ्या नवऱ्याला, तनयला, झोप येते. बाबांचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा हा दवाखान्याच्या बाकड्यावर घोरत होता. आईनं अजून ते मनातून काढलेलं नाही. "अगं, ज्याचं त्याचं शरीर! टेन्शन आलं की माझं बंदच पडतं," असं तो शपथेवर सांगतो. मला ती शुद्ध थाप वाटायची. बायकोची काळजी असलेला माणूस झोपेल कसा? लग्नाला तीन वर्षं झाली तरी मला एवढंच कळत नव्हतं, की याला माझं काही वाटतं का.

परवा ऑफिसला दांडी मारून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला, भाड्याचं घर बघायला गेलो. मालकीण चंद्राबाई मूळच्या निपाणीच्या. मुलाखत घेतल्याशिवाय किल्लीही दाखवत नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि मला उचकी लागली. तनय मात्र टवटवीत, त्यांची कोडबळी खात बसलेला. मला असा राग आला!

"अय्यो, कोण आठवण काढाय लागलंय गं तुझी?" चंद्राबाई म्हणाल्या. "नावं घे एकेक. बरोबर नाव आलं की थांबतंय बघ."

मी आईचं नाव घेतलं. उचकी. सासूबाईंचं घेतलं. आणखी जोरात उचकी. शेजारी बसलेल्या तनयचंही घेऊन पाहिलं. उचकी चालूच.

"ऑफिसातलं कोण?"

"गिरीराज," मी म्हणाले, आणि उचकी थांबली.

गिरीराज माझा मॅनेजर. मी त्याचीच मिटिंग बुडवून आले होते. आठवण काढत असलाच तर शिव्या घालत. पण ते सांगणार कसं? "सापडला!" म्हणत चंद्राबाईंनी टाळी वाजवली.

तनयनं कोडबळं खाली ठेवलं आणि जांभई दिली. मग दुसरी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरासाठी टक्क जागा असलेला माणूस एका नावानं पेंगायला लागला! मला इतका आनंद झाला, की स्वयंपाकघर बघायचंच विसरले.

"सरी, चालतंय," चंद्राबाई म्हणाल्या, "नवरा स्वभावानं गरीब दिसतोय. घर तुमचं."

परतताना ऑटोत त्यानं हळूच विचारलं, "हा गिरीराज... लग्न झालंय का त्याचं?" आणि उत्तराआधीच माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला. गिरीराज पुढच्या महिन्यात आजोबा होणार आहे, हे सांगायला मी त्याला उठवणारच होते. पण मारतहळ्ळीचं आमचं सध्याचं घर अजून लांब होतं, आणि इतकं प्रेमळ घोरणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.